बांबूला बांधलेली ओढणी

आठवडी बाजारात मिरच्यांचं एक पाल कोसळलं आणि त्यातून एका मुलीच्या अपहरणाचा गुन्हा उभा राहिला. मी नोकरीतून उतरलो, पण ती घटना काही मनातून उतरली नाही.

भूमच्या बाजूला एका बाजारगावच्या ठाण्यात मी तेव्हा प्रभारी अधिकारी होतो. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहिणार नाही. ती मुलगी आता सज्ञान आहे. तिचे आईवडील त्याच गावात कापडाचं दुकान चालवतात, आणि ज्या माणसाला त्या दिवशी लोक ठेचून मारायला निघाले होते तो आजही तिथंच लोकांची ज्वारी दळतो. लिहू का, असं मी सगळ्यांना विचारलं. कुणी हरकत घेतली नाही. मुलीनं एक अट घातली, "जे घडलं तेच लिहा. जास्तीचं लिहू नका." ती अट पाळायचा प्रयत्न करतो.

बाजाराचा दिवस म्हणजे ठाण्याची कसोटी. पाकीटमारी, दारूवरून भांडणं, रस्त्यात लावलेल्या मोटारसायकली. अर्धं ठाणं बाजारात आणि उरलेलं अर्धं फिर्यादी लिहून घेणाऱ्या ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढं तक्रारदारांना थोपवत. मीही दुपारी एक फेरी मारायचो. त्या दिवशी फेरीवर असतानाच मिरचीच्या ओळीतून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो तर एक पाल भुईसपाट झालेलं, लाल मिरच्या रस्ताभर, आणि भोवतीची माणसं शिंकतायत. पालाच्या कापडाखालून मिरचीवाली मावशी बाहेर येत होती.

समोर एक बाई उभी होती, चाळिशीची. तिच्या पदराच्या टोकाला एका हिरव्या ओढणीचं टोक गाठ मारून बांधलेलं होतं आणि ओढणीचं दुसरं टोक आडव्या पडलेल्या बांबूला.

"माझी पोर! साहेब, माझी पोर कुठंय?"

"पोर कुठली, बाई?" मावशी शिंकत म्हणाली. "तू तर माझं पाल वढून चाललीस!"

ही बाई कोण ते अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. कापडदुकानदाराची बायको. तिची एकुलती एक मुलगी सतरा वर्षांची, पण इतर मुलींसारखी नव्हती. गर्दीत हरवेल म्हणून आई तिच्या ओढणीचं टोक आपल्या पदराला बांधून बाजारात यायची. मुलगी लहान होती तेव्हा सुरू झालेली ही रीत, ती आईच्या उंचीची झाली तरी चालूच होती. बाजारात तिला 'गाठीची पोर' म्हणत. त्या दिवशी आई मिरच्या निवडायला खाली बसली. पदराला ताण लागत होता, म्हणजे पोर मागं उभी आहे, असं धरून ती निवांत होती. निवडून झाल्यावर उठून चालायला लागली, तर पोरीच्या जागी पालच मागं आलं.

वडील दुकान तसंच उघडं टाकून ठाण्यात आले. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता झालं की आम्हाला अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो, मग ते स्वतःहून गेलेलं असो की नेलेलं. फिर्याद लिहून घ्यायला मीच बसलो. मुलीला काय आजार आहे, असं विचारलं.

"डॉक्टर स्वमग्न म्हनतात साहेब. सोलापूरला दाखवलं व्हतं."

"बोलता येतं?"

"घरात बोलती. पर बाहीरच्या मानसाम्होरं न्हाय. डोकं बारक्या लेकराचं हाय तिचं."

"नाव, गाव, पत्ता सांगू शकेल?"

"न्हाय सांगता यायचं. तिला कशातलं काय कळत न्हाय, साहेब. कुनीबी हात धरला की जाईल." एवढं बोलून ते टेबलावर डोकं टेकून रडायला लागले.

ते खोटं बोलत नव्हते. बाहेरच्या माणसानं मुलीला काही विचारलं की आई नाहीतर वडील तिच्या आधी उत्तर द्यायचे. ती परक्या माणसाशी बोलताना त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं, कारण तेवढी जागा तिला कधी मिळालीच नव्हती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी बापानं सांगितलं ते आम्ही लिहून घेतलं आणि तसाच बिनतारी संदेश आजूबाजूच्या ठाण्यांना गेला: मुलगी मतिमंद, स्वतःचं नाव-गाव सांगू शकत नाही, घाबरलेली असण्याची शक्यता, सोबत अनोळखी इसम असण्याची शक्यता. जोडीला एका लग्नातला फोटो पाठवला. त्यात मुलगी काठाच्या साडीत, डोळे मिटलेली, आणि आईनं तिचं मनगट घट्ट धरलेलं.

गाठीचा विचार सगळेच करत होते. माझ्या ठाण्यातले जुने हवालदार ओढणीचं मोकळं टोक उलटसुलट करून म्हणाले, "साहेब, हे सराईताचं काम हाय. पोर सोडवली अन् ताण लागत राहावा म्हनून बांबूला बांधली. आईला पत्ता लागू दिला न्हाय."

ते पटण्यासारखं होतं. स्टँडवर, फाट्यावर नाकाबंदी लावली. तोवर गावात मोबाइलवर फिरायला लागलं होतं की मुलं पळवणारी टोळी आली आहे. अशा बातमीला पाय लागत नाहीत, ती उडतच येते. ठाण्यापुढं माणसं जमायला लागली. मला दोन भीती होत्या. पहिली त्या मुलीची. ज्या मुलीला बापाच्या म्हणण्याप्रमाणं काही कळत नाही, ती कुणाच्या हाती लागली असेल, हा विचार पोलिसालाही बसू देत नाही. दुसरी भीती अशी, की आता जो कुणी संशयात सापडेल तो या गर्दीच्या हाती लागू नये.

आणि नेमका फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही, आवाज खाली घेऊन बोलला.

"साहेब, गिरणीवाल्याला इचारा. ती पोरगी रोज त्याच्या गिरणीत जाऊन बसती. अन् ती आली की त्यो गिरणी बंद करतो. आमी दळण घिऊन बाहीर ताटकळत. बंद गिरणीत काय चालतं ते त्यालाच इचारा."

खबर देणाऱ्याला शेजाऱ्याचं बरंवाईट बघायचं आहे की गुन्हा उघडा करायचा आहे, हे आवाजावरून कळत नाही. पण अशी खबर बाजूलाही ठेवता येत नाही. गिरणीवाला पन्नाशी ओलांडलेला, बायको वारलेली, मुलगा पुण्याला. गिरणी कापडदुकानदाराच्या घरासमोरच. मी त्याला आणायला माणसं पाठवली, पण ती खबर माझ्या माणसांच्या आधी गावात पोहोचली होती. त्याला मागच्या फाटकानं आत घ्यावं लागलं. पुढच्या फाटकावर आवाज वाढत होता, "आमच्या ताब्यात द्या."

त्याला मी कोठडीत न नेता माझ्या खोलीत बसवलं. भुवयांवर पीठ तसंच होतं. घामानं त्याच्या कपाळावर पिठाच्या रेघा झाल्या होत्या.

"मुलगी कुठं आहे?"

"गाडीत असंल साहेब. न्हायतर उतरली बी असंल आतापस्तोर."

खोलीतले सगळे ताठ झाले.

"कुणाच्या गाडीत?"

"कुणाच्या म्हंजे? सरकारच्या. लाल गाडीत. दिवेलागणीपस्तोर यील ती माघारी. तसं म्हनली व्हती."

जुन्या हवालदारांचा हात उठला होता. मी त्यांना नजरेनं थांबवलं. पोलिसी खात्यात एक गोष्ट अनुभवानं शिकलो. खोटं बोलणाऱ्या माणसाला सगळी काळजी स्वतःची असते. तो घाम पुसतो, पाणी मागतो, 'माझं नाव कुणी घेतलं' असं विचारतो. या माणसानं पुढचा प्रश्न मलाच केला. "साहेब, आज गाड्या टायमावर हायत न्हवं? गाडी चुकली तर तिला लई तरास हुतो."

मग मी त्याला सुरुवातीपासून सांगायला लावलं. मुलीला घराबाहेर एकटं जायची परवानगी एकाच ठिकाणी होती, समोरच्या गिरणीत दळण टाकायला. आई दारात उभी राहून बघायची, पण गिरणीच्या आतलं तिला तिथून दिसायचं नाही. गिरणीचा आवाज पोरीला सोसायचा नाही, ती कानावर हात धरून बाहेरच उभी राहायची. म्हणून तो गिरणी बंद करायचा. बाकीची गिऱ्हाइकं कुरकुर करायची, पण त्याला ते चालायचं.

"बंद गिरणीत काय करत होता?"

"कंडक्टर-कंडक्टर ख्येळायचो," तो मान खाली घालून म्हणाला.

हवालदारांना हसू आवरेना. मलाही क्षणभर कळेना की हा वेडा आहे की आम्हाला वेड्यात काढतोय.

"ती पोत्यावर बसायची. ती परवाशी, म्या कंडक्टर. म्या 'तिकीट तिकीट' करत यायचो. ती पैसं द्यायची, गावाचं नाव सांगायची, अर्धं तिकीट मागायची. आता बायकांना अर्धं झालंय न्हवं, ते बी तिला ठावं. म्या मुद्दाम सुट्टं न्हाईत म्हनायचो, तर म्हनायची, 'मग तिकिटाच्या मागं लिहून द्या.' माझं काय चुकलं तर पुन्यांदा पयल्यापासून. कंटाळा म्हनून न्हाय पोरीला. मलाच दम लागायचा."

"कुठल्या गावाचं तिकीट मागायची?"

"रोज येगळं गाव. आज पुणं, उद्या बारशी. म्या येकदा इचारलं, खरं कुठं जायचंय गं तुला? तर म्हनली, 'ते माझं काम आहे.'"

"आणि हे तिच्या आईबापाला सांगावंसं नाही वाटलं?"

"वाटलं की, साहेब. चुकलंच माझं. पर तिनं शपथ घातली व्हती. शपथ मोडली तर ती बोलत न्हाय. येकदा तिच्या ज्वारीत चुकून कुनाची बाजरी मिसळली, तर किती दिस बोलली न्हवती माझ्यासंगं. माझ्याशी दुसरं कोन बोलतं? तीच तर बोलती."

माझा त्याच्यावर विश्वास बसला. पण विश्वास स्टेशन डायरीत लिहिता येत नाही. तपासायला एकच वाट होती. तो म्हणतो तसं मुलगी स्वतः एसटीत बसली असेल, तर ती कुणाला तरी दिसली असणार. फक्त आमची माणसं वेगळंच काही शोधत होती. मी पुढच्या गावच्या स्टँडवरच्या शिपायाला स्वतः फोन लावला.

"एकटी मुलगी बघितलीस का, ओढणी नसलेली? रडणारी नको सांगू. शांत असलेली."

"सर, मेसेजमध्ये अनोळखी इसम होतं, म्हणून मी जोडीनं असलेल्यांनाच अडवलं," तो म्हणाला. मग थांबला. "एक पोरगी होती सर, एकटी. पण ती ही नसणार. गाडी लागली तेव्हा मी दारापाशी आत बघायला पुढं झालो, तर माझ्यावरच खेकसली, 'रांग मोडू नका.' सगळी गाडी हसली मला. मला वाटलं एखाद्या गुरुजींची पोरगी असेल. ती हरवलेली नव्हती सर. तीच मला हरवलेला समजत होती."

"कुठली गाडी?"

"परंड्याच्या बाजूची. गाव नाही लक्षात."

माझ्या छातीवरचं अर्धं ओझं तिथंच उतरलं. आता दिशा होती. ठाण्यातल्या महिला हवालदार आईजवळ बसल्या होत्या. त्या समजूतदार बाई होत्या, न बोलता माणसाजवळ बसायचं कसब त्यांच्यात होतं. मी तिथं जाऊन विचारलं, "परंड्याच्या बाजूला तुमचं कोण आहे? मुलीला तिकडचं काय माहीत आहे?"

"कुनी न्हाय," वडील म्हणाले. "सोनारीला जातो दरसाल. कुलदैवत हाय आमचं. पर जीप करून जातो, एसटीनं न्हाय."

"तिथं काय करता?"

"काय म्हंजे? दर्शन घ्येतो. नारळ फोडतो. तिच्यासाठी देवाला सांगून येतो."

"काय सांगता?" हे महिला हवालदारांनी विचारलं.

आईच्या हातात पदराचं टोक होतं. ती गाठ तिनं अजून सोडली नव्हती. ती हळूहळू बोलायला लागली, रोजची प्रार्थना म्हणावी तशी. "म्हनते, देवा भैरवनाथा, माझी लेक तुझ्या दारात एकटी, स्वताच्या पायानं यीऊ दे. मग मी तुला घंटा वाहीन..."

बोलता बोलता ती थांबली. आमच्याकडं बघायला लागली.

"हे तुम्ही तिच्यासमोर म्हणता?"

"तिचा हात धरूनच म्हनते की. दरसाल."

"अगं, ते देवाला सांगायचं असतं!" वडील ओरडले. "तिला न्हाय!"

"मग म्या देवालाच सांगत व्हते न्हवं!"

मी सोनारीच्या पोलीस पाटलांना फोन लावला. देवळापाशी एक मुलगी दिसते का बघा, म्हणालो, आणि फोन चालूच ठेवा. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, मधेच कुणाला तरी 'सरका' म्हणाल्याचा. मग आवाज आला.

"हाय साहेब. पायरीपाशी बसलीय. पर माझ्यासंगं चल म्हनलं तर यीना. म्हनती, अनोळखी मानसाबरबर जायचं नसतं."

"नेऊ नका. हातही लावू नका. लांबून फक्त लक्ष ठेवा, आम्ही निघालो."

फोन ठेवला आणि मी जीप काढायला सांगितली. आईनं सगळं ऐकलं होतं, पण तिला रडू फुटलं नाही. ती उठून चपला शोधत होती. चपला तिच्या पायातच होत्या.

निघण्याआधी मी ठाण्याच्या पायऱ्यांवर उभा राहून जमलेल्या लोकांना सांगितलं की मुलगी सापडली आहे, सुखरूप आहे, तिला कुणी पळवलेलं नाही. गिरणीवाल्यानं दिलेल्या माहितीवरूनच ती सापडली, हेही मोठ्यानं सांगितलं. माणसं लगेच पांगली नाहीत. रागावलेल्या गर्दीला आनंदाची बातमीही थोडी उशिरा पटते. मिरचीवाली मावशी मात्र पुढंच उभी होती. तिनं मागं वळून एका तरण्या माणसाला विचारलं, "आता त्यो हातातला धोंडा घरी न्हेतोस का मिरच्या ठेचायला?" लोक हसले आणि मग पांगले.

सोनारीला पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. देवळात आरती सुरू झालेली, नगारा वाजत होता. आवारात माकडं नेहमीसारखी भिंतींवर बसलेली. मुलगी पायऱ्यांपासून बाजूला, एका भिंतीला टेकून दोन्ही कानांवर तळवे दाबून बसली होती. मांडीवर पिशवी. आई जीपमधून उतरून धावणार, तोच महिला हवालदारांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज थांबू द्या, वहिनी. तवर ती आपल्याला ऐकायची न्हाई."

आम्ही उभे राहिलो. एवढी माणसं, एक सरकारी जीप, आणि सगळे एका मुलीचे कान मोकळे व्हायची वाट बघत. नगारा थांबला. तिनं हात खाली घेतले.

मी थोड्या अंतरावर जमिनीवरच बसलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या टोपीकडं बघत होती.

"तू एकटी आलीस?"

"हो. एकटीनेच यायचं होतं." ती घरच्यांसारखं बोलत नव्हती, पाठ्यपुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलत होती. "आई दर वर्षी देवाला सांगते. पण आई मला एकटीला सोडत नाही. मग मी एकटी येणार कशी? नवस फिटणार कसा?"

मी विचारलं, "ओढणी बांबूला का बांधलीस?"

"गाठ सोडून दिली असती तर पदर सैल पडला असता. आई घाबरली असती."

आमच्या सराईत गुन्हेगाराची सगळी हुशारी ती एवढीच होती. आई घाबरू नये म्हणून.

आईला राहवलं नाही. ती पुढं गेली आणि सवयीनं तिचं मनगट धरायला हात पुढं केला. मुलगी एक पाऊल मागं सरली.

"आता धरू नको. आता फिटला."

आईचा हात तिथंच थांबला, हवेत. त्या बाईला इतक्या वर्षांत तो हात कुठं ठेवायचा असतो हेच माहीत नव्हतं. शेवटी तिनं तो स्वतःच्या पदराकडं नेला आणि घरून निघताना मारलेली ती गाठ सोडायला लागली. गाठ ओढून ओढून इतकी घट्ट झाली होती की सुटेना. मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग जवळ आली आणि नखानं ती सोडवून दिली.

"घंटा नको," ती म्हणाली. "कान दुखतात. समई चालेल."

"नवस घंटेचा बोलला व्हता गं बाळा," वडील म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते. "देव काय म्हनंल?"

"मी विचारलं आहे. त्याला चालेल."

जीपकडं जायची वेळ आली तेव्हा ती उठली नाही. "परतीची गाडी आहे," म्हणाली. "मी गिरणीकाकांना सांगितलं आहे की मी एसटीने परत येणार."

नियमानं मी तिला ताब्यात घेऊन सुखरूप घरी पोहोचवायला बांधलेला होतो. नियमात वाहन कुठलं ते लिहिलेलं नाही. मला त्या वेळी माझी आई आठवली. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. बेंबळीहून कॉलेजला पहिल्यांदा एकटा निघालो तेव्हा आई स्टँडवर आली होती. कंडक्टरला म्हणाली, "लेकराला नीट उतरवा." मी लाजेनं लाल झालो होतो. तिनं गाडीत चढून माझ्या शेजारी बसायचा हट्ट केला नाही, एवढे तिचे उपकार माझ्यावर आहेत. ती खाली उभी राहिली म्हणून मी पुढं गेलो.

मी महिला हवालदारांना साध्या प्रवाशासारखं मागच्या बाकावर बसायला सांगितलं. वडील माझ्याबरोबर जीपमध्ये आले. आईनं भीत भीत मुलीला विचारलं, "म्या येऊ का गं तुझ्यासंगं?"

मुलीनं विचार केला. "ये. पण तुझं तिकीट तू काढ. आणि खिडकी माझी."

परतीच्या वाटेवर एसटी पुढं आणि आमची जीप मागं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मंत्र्याच्या गाडीमागं गेलोय, पर एसटीच्या मागं पयल्यांदाच." मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एक खिडकीशी, एक शेजारी. महिला हवालदारांनी नंतर सांगितलं की आईला तिकीट मागताना गावाचं नाव सुचेना, तेव्हा लेकीनंच सांगितलं, आणि शिवाय म्हणाली, "अर्धं म्हण."

आमच्या स्टँडवर दिवे लागले होते. बातमी लागून माणसं जमलेली. गिरणीवाला गर्दीच्या मागं, अंग चोरून उभा होता. मुलगी उतरली आणि सरळ त्याच्याकडं गेली. लोकांनी आपोआप वाट दिली.

"कंडक्टर तुमच्यासारखं बोलत नाही," ती म्हणाली. "तो फक्त 'कुठं' म्हणतो. तुम्ही जास्त बोलत होता."

"बरं झालं सांगितलंस," गिरणीवाला डोळे पुसत म्हणाला. पीठ ओलं होऊन गालावर चिकटलं. ज्यांनी दुपारी त्याला ताब्यात मागितलं होतं त्यातलाच एक जण पुढं आला आणि त्यानं आपला रुमाल काढून त्याला दिला. मला वाटतं, तेवढ्यानं भागलं.

पुढचं काम कागदाचं होतं. महिला हवालदारांनी साध्या वेशात घरी जाऊन मुलीचा जबाब घेतला, बालकल्याण समितीपुढं तिला हजर केलं, आणि तथ्याची चूक म्हणून गुन्ह्याची 'समरी', म्हणजे गुन्हा बंद करायचा अहवाल, न्यायालयात गेला. मिरचीवालीचं पाल वडिलांनी नवं करून दिलं. पुढच्या बाजारात मी फेरीवर गेलो तेव्हा आई आणि मुलगी दोघी दिसल्या. मधे गाठ नव्हती. आई मिरच्या निवडत होती आणि दर दोन मिरच्यांना मागं वळून बघत होती. मुलगी त्याच बांबूपाशी उभी होती. मावशी तिला म्हणाली, "हुबी ऱ्हा बाई हितंच. पर बांबूला काय बांधू नगंस."

सोनारीला समई वाहिली. पुजाऱ्यानं थोडे आढेवेढे घेतले म्हणतात, पण मुलीनं त्याला सांगितलं की हे आधीच ठरलं आहे.

त्या दिवसानंतर माझ्या कामात एक बदल झाला. हरवलेल्या माणसाचं वर्णन घेताना आपण उंची विचारतो, रंग विचारतो, अंगावरचे कपडे विचारतो, आणि त्याला काय येत नाही ते न विचारताही घरचे सांगतात. प्रेमापोटीच सांगतात. मी त्यात एक प्रश्न वाढवला, त्याला काय काय येतं? सुरुवातीला घरचे गोंधळायचे. मग आठवून आठवून सांगायला लागायचे, आणि कितीदा तरी त्या आठवण्यातच माणूस कुठं सापडेल ते कळायचं. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक ठाणे अंमलदाराला मी हा प्रश्न लावून दिला. खात्यानं मला खूप दिलं. त्या मुलीनं हा एक प्रश्न दिला.

मी निवृत्त झालो तेव्हा धाराशिवला सहकाऱ्यांनी निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. सभागृहात दाराजवळच्या खुर्चीवर ती बसलेली दिसली. आजूबाजूला आई नव्हती, वडीलही नव्हते. लाउडस्पीकर चालू झाला आणि तिनं कान दाबले. दोन भाषणं तिनं तशीच ऐकली. मग उठून सरळ व्यासपीठापाशी आली. वक्ते बोलतच होते. ती माझ्या टोपीच्या जागी बघत होती, पण टोपी त्या दिवशी नव्हती.

"तुमची नोकरी फिटली," ती म्हणाली. "मी जाते. परतीची गाडी आहे."

ती दारातून बाहेर पडली. बाहेर अंधारायला आलं होतं. शेजारी बसलेल्या अधिकाऱ्यानं माझ्याकडं वळून विचारलं, "सर, स्टँडपर्यंत कुणाला पाठवू का?"

"नको," मी म्हणालो. आणि मी कुणालाही तिच्यामागं पाठवलं नाही.